घाटावर, घाटाखाली आणि फलकाची जागा

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपल्या गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. मुंबई-हावडा लोहमार्ग खालून जातो, समृद्धी महामार्ग वरून. मोठ्या दवाखान्याची वेळ आली तर खामगावचा माणूस अकोल्याची वाट धरतो, चिखलीचा माणूस जालन्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची. रस्त्याकडेला जाहिरातीचा फलक कुठे उभारावा, या प्रश्नाची सुरुवात इथूनच करावी लागते. एकच मजकूर तेरा तालुक्यांत सारखा वाटून टाकणाऱ्याचा निम्मा पैसा चुकीच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि दर पाच माणसांतली चार खेड्यांत राहत होती. जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही. मोठ्या शहरात फलकाची जागा ठरते ती चौकातून रोज किती वाहने जातात यावर. तो हिशेब इथे जसाच्या तसा लावला, तर सगळे फलक राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या रस्त्यावर गोळा होतील. या रस्त्यावर वाहने खरोखरच भरपूर आहेत. पण त्यांतला मालमोटारीचा चालक गुजरातेतून निघून छत्तीसगडकडे चाललेला असतो. त्याला खामगावच्या सराफाचे किंवा मलकापूरच्या शिकवणीवर्गाचे काय? टायर, डिझेल, ढाबा, सिमेंट यांच्या जाहिरातींना तो रस्ता चांगला. जिल्ह्यातल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक मात्र दुसरीकडे असते, आणि बहुतेक वेळा ते उभे असते.

माझे ठाम मत असे, की या जिल्ह्यात पळणाऱ्या हजार वाहनांपेक्षा थांबलेली शंभर माणसे फलकाला जास्त मोलाची आहेत. यामागे साधे गणित आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. फलक १२० मीटरवरून वाचता आला तरी हाती लागतात पाच-साडेपाच सेकंद, आणि त्यातही चालकाची नजर रस्त्यावर हवी. समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथे सेकंदाला ३३ मीटर जातात. या धंद्यात जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे : दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच. म्हणजे १२० मीटरवरून, सुमारे चारशे फुटांवरून, नीट वाचायचे तर अक्षर चाळीस इंची हवे. वीस बाय दहा फुटांच्या फलकाची उंचीच एकशे वीस इंच. दोन ओळी कशाबशा बसतात. आपल्या देवनागरीला तर शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो, त्यामुळे मूळ अक्षर आणखी आकसते. तरीही महामार्गावरच्या फलकांवर मालकाचा फोटो, चार शाखांचे पत्ते, तीन फोन नंबर आणि सणाच्या शुभेच्छा असे सगळे कोंबलेले दिसते. मजकूर आधी ठरवून मग जागा शोधण्याचा हा परिणाम. जागा आधी ठरली, तर किती शब्द लिहायचे ते जागाच सांगते.

थांबण्याच्या जागांत पहिला मान एसटी स्थानकाचा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. तालुक्याच्या स्थानकात आता बाजाराला, माहेराला, दवाखान्याला निघालेल्या बायका मोठ्या संख्येने दिसतात. घरातले कापड, भांडी, औषधे, मुलांची शाळा यांचे निर्णय त्यांच्या हाती असतात. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासमोर फलक पंधरा-वीस मिनिटे राहतो. इथे बारीक मजकूर चालतो, पत्ता चालतो, दरपत्रकही चालते. आठवडी बाजाराच्या वाटेचेही असेच आहे. मात्र तिथे एक बारकावा सांभाळावा लागतो. खेड्यातला माणूस सकाळी शहरात येतो आणि दुपारनंतर पिशव्या भरून परततो. कापड दुकानाचा, बियाण्याच्या दुकानाचा फलक शहरात शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला, त्याच्याकडे तोंड करून हवा. परतणाऱ्यासमोर लावला तर त्याची खरेदी आटोपलेली असते. परतीच्या बाजूला पतसंस्था, ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप असे घरी जाऊन चार जणांत बोलण्याचे विषय शोभतात.

बुलढाण्यातला जयस्तंभ चौक किंवा संगम चौक या सगळ्यांना हव्याशा जागा. मला त्या महागड्या आणि कमी फळ देणाऱ्या वाटतात. वाढदिवस, नियुक्ती, श्रद्धांजली, निवडणूक यांच्या फ्लेक्सांनी आपले चौक गच्च भरलेले असतात आणि त्या गर्दीत एकही चेहरा लक्षात राहत नाही. चौकाच्या शंभर-दीडशे मीटर अलीकडे, जिथे वाहने हळू होऊ लागतात पण अजून कोंडी झालेली नसते, तिथला एकटा फलक जास्त वाचला जातो. रस्त्याच्या नियमांनाही हेच हवे आहे. भारतीय रस्ते महासभेने (इंडियन रोड्स काँग्रेस) १९७२ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी जे धोरण घालून दिले, त्यात चौक आणि पुलापासून शंभर मीटर अंतर सोडायला सांगितले आहे. शहरी भागात ते पन्नासवर आणता येते. सुरक्षितता आणि परिणाम एकाच जागेकडे बोट दाखवतात, हे आपल्या नगरपरिषदांनी धंदेवाल्यांना समजावून सांगायला हवे.

शेगावबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण या विषयातले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला महाराष्ट्रभरातून माणसे येतात : गुरुवारी, एकादशीला, माघातल्या प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला. आषाढीसाठी पंढरपूरला गेलेली पालखी परतताना सिंदखेडराजा, बिबी, लोणार, मेहकर, जानेफळ, आवार, खामगाव अशी जिल्हा आडवा कापत येते. शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव हा सुमारे सोळा किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातो. चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम एक मीटर पुढे जातो. साठ मीटरवरून दिसणारा फलक त्याच्यासमोर जवळजवळ मिनिटभर राहतो. वर्षभर मोटारींचा असलेला हा रस्ता त्या दिवशी वाचकांचा होतो. पण या भाविकाला काय हवे असते? पिण्याचे पाणी कुठे आहे, पायाला औषध कुठे मिळेल, शेगाव किती उरले, परतीची गाडी कुठून सुटते. हे सांगणारा फलक लावून खाली कोपऱ्यात आपले नाव लिहिणारा व्यापारी लोकांच्या मनात राहतो. नुसते हात जोडलेले फोटो लावणारे राहत नाहीत. मंदिराच्या जवळ तर फलक नकोच. तिथे माणूस मनाने दुसऱ्या ठिकाणी असतो आणि त्याला तसे राहू देणे हाच शिष्टाचार. स्थानकाकडून येणारा रस्ता, वाहनतळ, निवासाच्या आसपासची बाजारपेठ इथे जाहिरातीला भरपूर वाव आहे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि घाटावरचा भूगोलच बदलला. नागपूरहून शिर्डीला निघालेला माणूस आता जिल्ह्यातल्या एकाही गावाला न शिवता पुढे निघून जातो. म्हणून मला मुख्य रस्त्यापेक्षा त्याच्यावरून उतरण्याच्या जागा महत्त्वाच्या वाटतात : मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा. लोणारचे सरोवर पाहायला किंवा जिजाऊंच्या जन्मस्थानी जायला जो उतरतो, तो ठरवून उतरलेला असतो. टोल ओलांडून गावाकडे वळणारा पहिला दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे हॉटेल, पंक्चरदुरुस्ती, दवाखाना, मुक्काम यांच्या फलकांची खरी जागा. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजात लोटणाऱ्या गर्दीचाही काही भाग आता याच वाटेने येतो.

जागा पाहायला जाणारा बहुधा उन्हाळ्यात जातो. त्याला सगळे मोकळे, स्वच्छ दिसते. ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी झाडे-झुडपे फोफावून फलकाचा निम्मा भाग झाकतात; शेताच्या बांधावरचा बुटका फलक तुरीच्या आड जातो. ऊनही पाहायला हवे. मलकापूर-नांदुरा-खामगाव रस्ता पूर्व-पश्चिम जातो. संध्याकाळी मलकापूरकडे निघालेल्याच्या डोळ्यांवर थेट सूर्य असतो आणि त्याच्यासमोरच्या फलकाची पुढची बाजू काळवंडलेली दिसते. मलकापूर-बुलढाणा-चिखली रस्ता उत्तर-दक्षिण, तिथे हा त्रास फारसा नाही. एखादी जागा वर्षाच्या कराराने घेण्याआधी सकाळी, भर दुपारी, सांजेला आणि रात्री अशी चारदा, तीही दुचाकीवरून आणि बसच्या खिडकीतून पाहावी.

कराराचेही असेच, तोही मोसम पाहून करावा. कृषी केंद्राला फलक लागतो तो रोहिणी-मृगाच्या आधीचा महिना आणि पेरणीचे दिवस. सोयाबीनचे पैसे हातात येतात दिवाळीच्या सुमारास, कापसाचे त्यानंतर हप्त्याहप्त्याने. सोने, दुचाकी, लग्नाचा बस्ता यांचा मोसम त्यामागोमाग येतो. खामगावची भरभराटच कापसाने केली. तिथल्या कापूस बाजारासाठी जलंब-खामगाव असा खास लोहमार्ग टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. बारा महिने एकच फलक एकाच जागी कुजवण्यापेक्षा तीन मोसमांत तीन जागा घेणे लहान दुकानदाराला परवडते आणि पावते.

आता ज्या विषयावर तडजोड करू नये, त्याकडे येतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर फलक कोसळला आणि १७ माणसे दगावली. परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. तो होता १२० बाय १२०. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात पाच जण आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ चार जण अशाच सांगाड्यांखाली गेले. हे मोठ्या शहरांचे दुखणे म्हणून आपण बाजूला ठेवू नये. वैशाखात आपल्याकडे अवकाळीचे वादळ टिनपत्रे उडवून नेते. वारा ताशी १४० किलोमीटरने आला, तर उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९२ किलोचा दाब येतो. वीस बाय दहाच्या साध्या फलकावर मिळून हा भार सतरा क्विंटलच्या आसपास जातो. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत उथळ पाया घेतलेला सांगाडा तो पेलेल का, हे स्थापत्य अभियंत्यानेच तपासायचे. फलकाखाली चहाची टपरी, रिक्षाथांबा, शाळेचे फाटक असेल तर ती जागा कितीही चांगली दिसली तरी घेऊ नये. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याला आळा घालणारा राज्याचा कायदा तर १९९५ चा आहे. अंमलबजावणी कमी पडते, ती नगरपरिषदांच्या पातळीवर.

काही जागा मोकळ्या ठेवणे हाही जागानिवडीचाच भाग आहे. राजूर घाटातली वळणे घ्या. वेग कमी, नजर समोर, म्हणून जाहिरातदाराला ती फार मोहात पाडतात. पण तिथे चालकाचे लक्ष क्षणभर हलले तर एका बाजूला दरी आहे. फलक घाट सुरू होण्याआधी, चहासाठी गाड्या थांबतात तिथे असावा. बोथ्याच्या घाटातून खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून याच जंगलात पोहोचला होता. तिथे रात्री दिवे पेटलेला फलक कुणाच्याच कामाचा नाही. लोणारला २०२० मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सरोवराच्या काठावर पोहोचताना माणसाला समोर फक्त ते विवर दिसले पाहिजे. ब्राझीलच्या साओ पावलो शहराने २००७ पासून रस्त्यावरचे जाहिरात फलक जवळजवळ पूर्णच बंद केले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९६८ मध्येच तसा कायदा केला आणि तिथल्या डोंगररस्त्यांवर पर्यटक आजही येतात. आपल्याला सरसकट बंदी नको, कारण गावच्या लहान व्यापाऱ्याला ओळख मिळवून देणारे हे स्वस्त साधन आहे. प्रत्येक नगरपरिषदेने आणि रस्त्यालगतच्या ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीचा साधा नकाशा करावा. कुठे फलक चालेल, किती मोठा चालेल, त्याचे भाडे किती आणि कुठे कधीच चालणार नाही, हे त्यावर लिहून तो कार्यालयाच्या दारात लावावा. मग चिखलीच्या कापड दुकानदाराला जागेसाठी कुणाची मनधरणी करावी लागणार नाही, आणि वाढदिवसाचा फ्लेक्स रातोरात त्याच्या भाड्याच्या जागेवर चढला तर तक्रार करायला त्याच्या हाती कागद असेल.