सलामी झाली, कुस्ती संपली

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रेच्या फडात एक तक्रार हमखास कानावर येते. शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती लागते, हलगी कडाडते, दोघे पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकून हात मिळवतात. मागच्या रांगेतला माणूस चंची सोडायला मान खाली घालतो आणि वर बघतो तर एक जण उताणा. "दिसलीच नाही राव कुस्ती!" वर्गणी भरलेल्या माणसाचा हा राग अगदी खरा असतो.

मला मात्र वेड याच कुस्त्यांचं. मानेवर हात ठेवून अर्धा तास खडाखडी करायची आणि शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवायची, असल्या जोडीत माझा जीव रमत नाही. सेकंदांत निकाली झालेली कुस्ती दिसली की ती का संपली, कशी संपली, हे शोधत बसायची खोड लागली ती कायमची. कात्रणं साठली, मुष्टियुद्धाची पुस्तकं साठली, आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात येत गेली. झटपट लागलेल्या निकालाच्या मागे बहुतेकदा एखादी रखडलेली लढत असते.

मुष्टियुद्धापासून सुरुवात करू. माइक टायसनने २७ जून १९८८ला अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. स्पिंक्स तोवर एकही लढत हरला नव्हता आणि त्यानंतर तो पुन्हा रिंगणात उतरलाच नाही. त्याच्याआधी १९८६मध्ये मार्विस फ्रेझियर ३० सेकंदांत संपला होता. टायसनचे हे पराक्रम सगळ्यांना तोंडपाठ आहेत, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. मला जास्त खुणावतो तो जो लुई. १९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बारा फेऱ्या खेळवून खाली पाडलं होतं. लुई जगज्जेता झाला तरी तो सल गेला नव्हता. २२ जून १९३८ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर पुन्हा गाठ पडली आणि १२४ सेकंदांत सगळं आटोपलं. दोन वर्षं मनात घोळवलेला हिशेब दोन मिनिटांत चुकता झाला.

आपल्याकडे याच्या तोडीची कथा गामा पैलवानाची. गामा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या बैठका, त्याचा खुराक, यावर मराठीत भरपूर लिहून झालंय. पण त्याच्यासमोर दोनदा उभा राहिलेल्या माणसाकडे कुणी फारसं वळून पाहत नाही. त्याचं नाव स्टॅनिस्लॉस झबिस्को. पोलंडचा हा पैलवान गामापेक्षा वजनाने बराच भारी होता आणि डोक्यानेही हलका नव्हता.

१० सप्टेंबर १९१०. लंडनचं शेफर्ड्स बुश मैदान, इनामाला जॉन बुल पट्टा आणि अडीचशे पौंड. गामाने त्याआधी अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा सव्वानऊ मिनिटांच्या आत लोळवलं होतं. झबिस्कोने त्यातून धडा घेतला. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतला, तेव्हा तो पोटावर पालथा झाला आणि गादीला चिकटला. पुढचे अडीच तास कुस्ती जवळजवळ तशीच राहिली. गामा वर, झबिस्को खाली. उठायचं नाही, पाठ टेकू द्यायची नाही. प्रेक्षक वैतागले. शेवटी पंचांनी लढत थांबवली आणि आठवडाभराने पुन्हा खेळवायची ठरवली. १७ सप्टेंबरला गामा हजर, झबिस्को गैरहजर. पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडे यावर झबिस्कोला पळपुटा ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आठवडाभराने तो आला नाही, याचा बचाव मी करणार नाही; पण त्या अडीच तासांत त्याने नियमाबाहेरचं काहीच केलं नव्हतं. खांदे टेकले तरच हार असेल आणि पालथं पडून राहण्याला शिक्षा नसेल, तर वजनदार आणि शहाणा माणूस दुसरं काय करणार? आज गादीवर कुणी असा चिकटून राहिला, तर पंच आधी ताकीद देतात आणि मग समोरच्याला गुण बहाल करतात. तेव्हा तसलं काही नव्हतं.

आणि झबिस्को भेकड नव्हता, याचा पुरावा १९२५ सालचा आहे. तोवर अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्त्या बऱ्याचशा ठरवून खेळल्या जात. तेव्हाचा जगज्जेता होता वेन मन, अमेरिकी फुटबॉलमधून आलेला आडदांड गडी, कुस्ती बेताचीच. झबिस्कोने त्याच्याकडून हरायचं असं ठरलं होतं. फिलाडेल्फियात झबिस्को उतरला आणि ठरलेलं सगळं बाजूला सारून त्याने मनला खरोखरच चीत केलं, तेही पुन्हा पुन्हा, म्हणजे पंचाला डोळेझाक करता येऊ नये! पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने भर आखाड्यात केलेला हा दगा वाचला की मला अजून हसू फुटतं.

पुढे जानेवारी १९२८मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी हीच जोड पुन्हा लावली. खास आखाडा उभारला, गर्दी हजारोंची. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. फरक एवढाच की खाली आता गादी नव्हती, माती होती. नियम हिंदुस्थानी होते. हात मिळाले आणि मिनिटाच्या आत झबिस्कोची पाठ मातीला लागली. नेमके सेकंद किती? कुणी १० लिहितो, कुणी २१, कुणी ४२. घड्याळ लावून बसलेल्यांचं एकमत होईना, इतक्या झटक्यात ते झालं. अठरा वर्षं रखडलेला निकाल असा लागला.

झबिस्कोच्या आयुष्यात याहून गमतीचं वळण पुढे आलं. १९५० सालच्या 'नाइट अँड द सिटी' या चित्रपटात त्याने म्हाताऱ्या पैलवानाचं काम केलं आणि त्यातली लांबच लांब, दम काढणारी कुस्ती चित्रपटवेडे आजही नावाजतात.

आता आपल्या मातीकडे येतो. बीड जिल्ह्याला लोक ओळखतात ते दुष्काळामुळे आणि कोयत्यामुळे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, ऊन तापायला लागलं की परततात. त्यामुळे अनेक गावांत जत्रा आणि फड भरतात ते चैत्राच्या आगेमागे.  अशा जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. वडील पैलवान, घरातच आखाडा. पुढे तो गेला हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली. लातूर जिल्ह्याचे बिराजदार म्हणजे १९६९चे महाराष्ट्र केसरी आणि नंतरचे हिंद केसरी. २०११मध्ये ते गेले. मग राहुल वस्ताद काका पवारांच्या तालमीत घडला.

राहुल हलक्या वजनी गटातला गडी, हेवीवेट नव्हे. पण पहिल्याच झटक्यात निकाल लावायची कला पाहायची असेल, तर एप्रिल २०१८मधल्या गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या त्याच्या पहिल्या दोन कुस्त्या पाहाव्यात. ५७ किलो गटात इंग्लंडच्या जॉर्ज रॅमवर ११-०, ऑस्ट्रेलियाच्या थॉमस चिचिनीवर १०-०. गादीवर दहा गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथेच थांबवतात. दोघांनाही पूर्ण वेळ उभं राहता आलं नाही. उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या मुहम्मद बिलालने झुंजवलं, ती १२-८ सुटली. अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ने हरवून त्याने सुवर्ण घेतलं आणि ते बिराजदारांना अर्पण केलं.

इथेही रखडणं आहेच, फक्त ते आखाड्याबाहेरचं. २०१४ची ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली, २०१६चं रिओ ऑलिंपिक हुकलं. ऐन उमेदीची वर्षं निवडीच्या वादांत आणि वाट पाहण्यात गेली. पाटोद्याच्या पोराने ऑलिंपिकची गादी पाहिलीच नाही, याचा राग मला आजही आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. २०१९ला नूर-सुलतानला त्याने जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवलं, अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ हरवून; पण तो ६१ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच.

काका पवारांच्याच तालमीतला शिवराज राक्षे मात्र खरा वजनदार. १४ जानेवारी २०२३ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत त्याने महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चीत केलं. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला फुलगावात तोच राक्षे सिकंदर शेखसमोर उभा राहिला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतः आस्मान पाहून आला. सिकंदरचा डाव होता झोळी. एका हाताने मान, दुसऱ्याने गुडघ्यामागून पाय, दोन्ही हातांची कडी घालायची आणि गुडघा कपाळाकडे आणत गड्याची मोटली करून पाठीवर टाकायचा. कडी बसली की सुटायला जागाच उरत नाही. जानेवारीत माती विभागात गायकवाडकडून सिकंदर हरला होता. त्या कुस्तीत बाहेरील टांगेला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर महिनाभर भांडणं चालली होती. म्हणजे सिकंदरच्या त्या काही सेकंदांमागे दहा महिन्यांची धग होती. पवारांच्या तालमीतला पैलवान हरला म्हणून मी हळहळलो, पण डाव पुन्हा पुन्हा पाहिला.

झटपट निकालाची दुसरी बाजू २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरात दिसली. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या शेवटच्या कुस्तीत पंचांनी राक्षेविरुद्ध पृथ्वीराज मोहोळला चीतपटीने विजयी ठरवलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत दाखवा. वाद वाढला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. पुढे मोहोळविरुद्धची अंतिम कुस्ती गायकवाडने काही सेकंद शिल्लक असताना सोडली, किताब मोहोळकडे गेला, आणि राक्षे व गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन कुणी करू नये. पण जत्रेच्या फडात पाठ लागली की नाही हे चारी बाजूंनी बसलेली हजार डोळ्यांची माणसं सांगतात आणि पंचाला त्यांच्यासमोर उभं राहून निकाल द्यावा लागतो. मोठ्या स्पर्धेत कॅमेरे असतात, पडदे असतात. ती चित्रफीत पडद्यावर दोनदा फिरवून दाखवायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा तर हलगीवाला शेवटच्या जोडीआधी हलगी शेकवायलाच घेतो.