मॉरिशसमार्गे दाभोळ

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प म्हटला की आपल्याला महागडी वीज आणि गुहागर तालुक्यातली आंदोलने आठवतात. त्या प्रकरणाचे एक टोक मॉरिशसमध्येही होते. एन्रॉनच्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्या. अमेरिकेशी भारताचा गुंतवणूक संरक्षण करार नव्हता, मॉरिशसशी होता. तिथल्या उपकंपन्यांमार्फत त्यांनी २००३ मध्ये भारत सरकारवर दावा लावला. २००५ मध्ये तो तडजोडीने मिटला.

अशा द्विपक्षीय करारांचा आरंभ १९५९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांनी केला. परक्या उद्योजकाची मालमत्ता भरपाईवाचून घ्यायची नाही, त्याला न्याय्य वागणूक द्यायची, एवढेच वरवर दिसते. मेख नंतरच्या करारांत आली. गुंतवणूकदार यजमान देशाची न्यायालये टाळून सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकतो. सरकारला त्याच वाटेने कंपनीवर फिर्याद करण्याची सोय बहुतेक करारांत नाही. २०१९ मध्ये रेको दिक खाणीच्या प्रकरणात पाकिस्तानवर व्याजासह सुमारे ६ अब्ज डॉलरचा बोजा पडला. त्याच महिन्यात नाणेनिधीने त्या देशाला मंजूर केलेले कर्जही जवळपास तेवढेच होते.

भारताने १९९४ मध्ये ब्रिटनपासून सुरुवात करून ऐंशीहून अधिक करार केले. ठेच लागली २०११ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजने पिपरवार खाणीच्या वादात कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्येच व्यापारी लवाद जिंकला होता, पण अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत रखडली. दाद मागण्याचे परिणामकारक साधन देण्याची हमी भारत-ऑस्ट्रेलिया करारात नव्हती. ती भारत-कुवेत करारात होती. 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र' या कलमाच्या आधारे कंपनीने ती उसनी घेतली आणि भारत हरला.

रक्कम सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे फार मोठी नव्हे. मला खटकते ते वेगळेच. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या विलंबाची भरपाई देणारा असा लवाद कुठे आहे?

त्यानंतर सरकार सावध झाले. २०१५ च्या नव्या नमुन्यात आधी पाच वर्षे देशातच दाद मागण्याची अट आली, करआकारणी वगळली गेली, उसनवारीचे ते कलमही गेले. जुने बहुतेक करार रद्द करण्याच्या नोटिसा निघाल्या. पण करार संपला तरी आधीच्या गुंतवणुकीला त्याचे संरक्षण सहसा दहा-पंधरा वर्षे राहते. २०२० मध्ये पूर्वलक्षी कराच्या वादात व्होडाफोन आणि केर्न यांच्याशी भारत हरला, तो जुन्याच करारांखाली. पुढच्याच वर्षी त्या कराची तरतूद मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात पाच वर्षांची अट तीनवर आली आहे.

भांडवल हवे असेल तर काही हमी द्यावी लागणार, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे असे करार संसदेच्या मंजुरीवाचून होऊ शकतात. पुढच्या सरकारांचे हात बांधणारा आणि जनतेच्या तिजोरीतून भरपाई देणारा कागद आधी सभागृहात उघडपणे वाचला जावा, एवढी मागणी तरी आपण करायला हवी.