स्फटिक कूस बदलतो तेव्हा

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा स्फटिक; आपली गारगोटी त्याच कुळातली. तो तापवत नेला, की 573 अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते. तो वितळत नाही, त्यातला एकही रासायनिक बंध तुटत नाही. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असे कललेले चौफलक जरासे वळतात आणि आल्फा क्वार्ट्झचा बीटा क्वार्ट्झ होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी 1889 मध्ये हा बदल नोंदवला. त्यात आकारमानही वाढते. म्हणून क्वार्ट्झ असलेली चिनी मातीची भांडी भाजताना हे तापमान सावकाश ओलांडावे लागते.

या बदलाची चाहूल आधी लागते का? याचे उत्तर बंगळुरूत मिळाले. स्फटिकातले अणू सतत कंप पावतात. त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्यावरून कंपनाची वारंवारता कळते. हाच रामन परिणाम. सी. व्ही. रामन आणि टी. एम. के. नेडुंगडी यांनी तापत्या क्वार्ट्झचा वर्णपट घेतला, तेव्हा एक रेषा वेगळीच वागली. ती फिकट होत, पसरत मूळ प्रकाशाच्या रेषेकडे सरकली. सैल पडलेल्या तारेचा स्वर उतरावा, तसे ते कंपन मंदावत होते. रूपांतराचे मूळ याच कंपनात आहे, असे अनुमान दोघांनी 1940 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. अशा ‘मृदू कंपना’चा सर्वसाधारण सिद्धांत कॉक्रन आणि अँडरसन यांनी मांडला, तो सुमारे 20 वर्षांनी.

1956 मध्ये सोव्हिएत संशोधकांना आणखी एक नवल दिसले. 573 अंशांच्या आसपास स्फटिकात धुक्यासारखा पातळ पट्टा उमटला आणि तिथे प्रकाशाचे विकिरण सुमारे दहा हजार पटींनी वाढले. आधी वाटले, ही अणूंच्या चढउतारांची खळबळ असावी. 1968 मध्ये शपायरो आणि कमिन्स यांनी दाखवले, की हा प्रकाश स्थिर विषमतेवरून विखुरतो. पुढे 1980च्या दशकात आल्फा आणि बीटा यांच्यामध्ये जेमतेम दीड अंश टिकणारी तिसरी अवस्थाही निश्चित झाली. तिच्यात उलटसुलट कललेल्या चौफलकांचे सूक्ष्म त्रिकोणी भाग नक्षीसारखे मांडलेले असतात.

बीटा क्वार्ट्झ थंड होताना त्यातले काही भाग एका बाजूला कलतात, काही दुसऱ्या. शेजारच्या भागांतले दाबविद्युत परिणाम (दाबामुळे निर्माण होणारी वीज) मग एकमेकांना खोडतात. म्हणूनच घड्याळे आणि रेडिओसाठी लागणारा क्वार्ट्झ 573 अंशांपलीकडे तापवत नाहीत.