जुनी पेटी घरीं जुळवितांना

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यांतील कीर्तन असो, कीं लातुराकडील एखाद्या गांवचें एकादशीचें भजन असो, तेथें पेटी असावयाचीच. पुष्कळ घरांतूनही आजोबांच्या वेळची एखादी पेटी कापडांत गुंडाळून ठेविलेली असते. ती उघडावी तों दोन पट्ट्या मुक्या आणि गंधार कानाला खुपणारा! कारागीर जवळ नसेल तर ती घरींच जुळवितां येईल काय? येईल, मात्र कानस हातीं घेण्याची घाई नको.

मुका स्वर बहुधा मेलेला नसतो. पितळी पत्ती आणि तिची चौकट यांमधील फटींत धुळीचा कण अडकला कीं ती बोलेनाशी होते. आणि उन्हाळ्यांत आपल्याकडे धुळीला काय तोटा! पत्तीखालून पातळ कागद अलगद फिरवावा. तसेंच कोणतीही पट्टी न दाबतां भाता भरून पाहावा. वारा झपाट्यानें निघून जात असेल, तर दोष सुरांचा नव्हे, कातड्याचा किंवा सांध्यांचा.

एवढ्यानें भागलें नाहीं तरच कानस. पत्तीचें एक टोक जखडलेलें व दुसरें मोकळें असतें. मोकळ्या टोकाकडे घासलें म्हणजे तेथील भार घटून स्वर चढतो. बुडाकडे घासलें म्हणजे पत्ती लवचीक होऊन स्वर उतरतो. अमेरिकेंतील वुर्लिट्झर कंपनीच्या जुन्या विजेच्या पियानोंतही हाच न्याय : पोलादी पत्तीच्या टोकावरील डागाचा थेंब कापला कीं स्वर चढतो, वाढविला कीं उतरतो. डाग पुन्हां देतां येतो. घासलेलें पितळ मात्र परत येत नाहीं. म्हणून पत्तीखालीं पातळ पत्र्याचा आधार देऊन एकदोनच हलके हात मारावे, आणि ती जागच्या जागीं बसवून ऐकावें.

ऐकावयाचें तें हेलकावे. जवळजवळ सारखे दोन स्वर एकत्र वाजले आणि त्यांत सेकंदाला दोन कंपांचा फरक असला, तर आवाज सेकंदांत दोनदां हेलावतो. हेलकावा लांबत लांबत थांबला, कीं स्वर जुळले.

खरा पेंच गंधाराचा. षड्ज २४० कंपांचा धरला तर तंबोऱ्यांतून उमटणारा गंधार ३०० चा. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पेटीचा सुमारे ३०२.४ चा. पंचमांतील फरक अर्ध्या कंपाहूनही कमी. ठरीव स्वर आणि मींडेचा अभाव, या आक्षेपांपायींच १९४० सालीं नभोवाणीनें पेटीला दार बंद केलें. तें किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें.

मग गंधार उतरवावा काय? घरीं एकच गाणारा असून त्याचा षड्ज काळी एक असेल, तर पांढरी चार जरूर उतरवावी. तंबोऱ्याशीं ती गोड मिळेल. परंतु दुसऱ्या कोणी पांढरी चारच षड्ज धरिली, तर त्याचा पायाच ढळतो. नाना गळ्यांच्या भजनी मंडळींनीं म्हणून या मोहांत पडूं नये. आणि उतरविलाच, तर झांकणाच्या आंत तशी नोंद करावी, म्हणजे पुढचा कारागीर त्यास बेसूर समजून पुन्हां घासणार नाहीं.