मालमोटार का अडली?

पहाटेची वेळ. कांद्याच्या गोण्यांनी भरलेली एक जुनी मालमोटार कसारा घाटाच्या माथ्यावर उभी आहे. रात्री वाटेत डिझेल संपले होते. चालकाने टाकी भरली. पण इंजिन नुसते घरघरते, सुरू होत नाही. धूरही निघत नाही. धूर नाही, याचा अर्थ डिझेल आत पोहोचतच नाही. कळ फिरवीत राहिल्यास बॅटरी मात्र उतरेल.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात दट्ट्या हवा जोराने दाबतो. ती इतकी तापते की, डिझेलचा फवारा तिच्यात पडताच पेट घेतो. डिझेल दाबले तरी फारसे आकसत नाही. हवा मात्र आकसते. म्हणून रिकाम्या नळीत हवा शिरली की, पंपाचा सारा जोर ती दाबण्यातच खर्ची पडतो आणि फवारा उडत नाही.

जाणता चालक एकदम इंजिन खोलीत नाही. तो डिझेलच्या वाटेने क्रमाने जातो. नळी कोठे सैल झाली आहे काय? गाळणी गाळाने तुंबली आहे काय? दोन्ही ठीक दिसताच तो गाळणीवरील लहान स्क्रू सैल करून हातपंप दाबू लागतो. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे. अखेर नितळ, सलग धार लागते. तो स्क्रू घट्ट करतो व कळ फिरवितो. इंजिन धडधडू लागते.

एवढी अवजड गाडी अडली होती, ती चिमूटभर हवेने!