रुग्णालयातील नित्याच्या रक्ततपासण्या : आवश्यकता व मर्यादा

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त दररोज तपासणे म्हणजे अधिक दक्षता, असा सर्वसाधारण समज आहे. प्रयोगशाळेतील 'सामान्य मर्यादा' मात्र बहुधा ९५ टक्के निरोगी व्यक्ती तीत सामावतील अशा रीतीने ठरविलेली असते. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच वेळी केल्यास निरोगी व्यक्तीचाही किमान एक निष्कर्ष मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्यातून फेरतपासणी, खर्च व चिंता उद्भवते.

शिवाय वारंवार रक्त घेतल्याने हिमोग्लोबिन घटू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अमळनेर तालुक्यातून जळगाव वा धुळे येथे दाखल होणाऱ्या रक्तक्षयग्रस्त शेतमजूर स्त्रीला ही घट आणि हा खर्च दोन्ही जड जातात.

रुग्णाची प्रकृती व निष्कर्ष स्थिर असताना त्याच तपासण्या पुनःपुन्हा करू नयेत, अशी शिफारस अमेरिकेतील रुग्णालयीन वैद्यकांच्या संघटनेने २०१३ मध्ये केली. तपासणी टाळणे हा तिचा हेतू नव्हे. निष्कर्षामुळे उपचारात बदल होणार आहे काय, हा प्रश्न प्रत्येक तपासणीपूर्वी विचारला जाणे, हेच खऱ्या दक्षतेचे लक्षण होय.