हाक्याचा वाघ आणि मागाचा वाघ

ग्वाल्हेरच्या जुन्या सरदार घराण्यांच्या दिवाणखान्यांतून वाघाचे मुंडके किंवा निदान शिकारीची एखादी तसबीर आजही दिसते. मध्यभागी बंदूकधारी पाहुणा, पुढ्यात लोळवलेला वाघ आणि मागे पागोटी बांधलेल्या माणसांची रांग. पाहुण्याचे नाव तसबिरीखाली ठळक अक्षरांत असते. मागच्या रांगेतली नावे कोणी लिहून ठेवलेली नसतात. शिकारीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे वाघ किती फुटांचा होता हे हमखास सांगितले जाते. तो कोणी शोधला, हे क्वचितच. वस्तुतः शिकाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न हाच असे : दुसऱ्याने शोधून समोर आणलेला वाघ मारावयाचा, की आपण माग काढीत त्याच्यापर्यंत जावयाचे?

संस्थानी शिकार बहुतेक पहिल्या जातीची. तिला हाक्याची शिकार म्हणत. उन्हाळ्यात रानातले पाणी आटले म्हणजे शिकारखान्याची माणसे नाल्यातले ठसे पाहून ठरावीक जागी रेडकू बांधीत. वाघ रात्री ते मारी आणि पोटभर खाऊन जवळच्याच पाण्याशी, दाट सावलीत दिवसभर पडून राही. मग पाहुण्याला मचाणावर बसवावयाचे आणि पलीकडून हाकेकऱ्यांनी आरडाओरड करीत, ढोल-डबे बडवीत पुढे सरकावयाचे. वाघाने बगलेने निसटू नये म्हणून दुतर्फा झाडांवर माणसे बसवीत. त्यांनी मात्र ओरडावयाचे नाही. वाघ आपल्याकडे वळला तर खोडावर हलकेच टकटक करावयाची. तेवढ्यानेच तो दिशा बदली. आवाज मोठा झाला तर वाघ बिथरून हाकेकऱ्यांवरच उलटण्याचे भय. एवढा सारा हिशेब इतरांनी जमवून आणल्यावर पाहुण्याकडे काम उरे ते चाप ओढण्याचे.

माधवराव महाराज शिंदे यांना प्रत्येक विद्येला शिस्त लावण्याची मोठी हौस. पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी येथे माधव संगीत महाविद्यालय काढले आणि उस्तादांच्या घरात जपलेली विद्या वर्गात व वहीत आली. पुढे दोनच वर्षांनी, १९२० साली, त्यांचे ‘ए गाईड टू टायगर शूटिंग’ हे पुस्तक निघाले. गाणे असो वा शिकार, नवख्यालाही वाट सापडावी, अशीच ही दृष्टी दिसते. मी स्वतः गाण्याचे वर्ग घेऊन पोट भरतो, तेव्हा या दृष्टीला नावे ठेवणे मला शोभणार नाही. परंतु वाट दाखविणे निराळे आणि उचलून मुक्कामावर नेऊन ठेवणे निराळे.

आमचे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. शिकारखान्यातल्या एका वृद्ध मागकाढ्याचे ते फार कौतुक करीत. ‘‘त्याचा कान आपल्यापेक्षा तयार,’’ असे म्हणत. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरले, तर त्याने काहीतरी पाहिले आहे. चितळ उगीचही ओरडते. पण सांबराची ठणठणीत साद पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर ती सहसा खोटी नसते. ती साद कोठून कोठे सरकते यावरून न दिसणाऱ्या वाघाची वाट तो सांगे. ठशाची कड अजून तीक्ष्ण आहे की ढासळली, ठशावरून रात्रीच्या किड्याची रेघ गेली आहे काय, यावरून वाघ केव्हा गेला ते ठरवी. वडिलांना यात आपल्याच धंद्याची खूण पटे : आधी पुष्कळ ऐकावयाचे, मग तोंड उघडावयाचे.

मागाची शिकार म्हटली की जिम कॉर्बेटचे नाव निघते. नरभक्षकांच्या मागे एकट्याने, पायी हिंडणारा म्हणून त्याची ख्याती. परंतु त्याने मारलेला पहिला नरभक्षक, म्हणजे चंपावतची वाघीण, १९०७ साली मारला गेला तो हाक्यातच. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जात. तहसीलदाराने सुमारे तीनशे गावकरी गोळा केले होते. आणि कॉर्बेट तरी एकट्याने शिकला काय? लहानपणी थोरल्या भावाने त्याला रानात नेले; कुंवरसिंग नावाच्या, चोरून शिकार करणाऱ्या गावकऱ्याने रान वाचावयास शिकविले. या गुरूचे ऋण त्याने ‘माय इंडिया’मध्ये नावानिशी नोंदविले आहे. आमच्याकडच्या तसबिरींत जे घडले नाही ते तेथे घडले.

१९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत हा प्रश्न पैशाचा झाला. जंगलखात्याकडे फी भरून एखादा ब्लॉक घ्यावा आणि आपली शिकार आपण करावी, ही एक वाट. दुसरी वाट शिकार कंपन्यांची : तंबू, जीप, आचारी, मागकाढे, सारे तयार, परदेशी पाहुण्याने यावे आणि कातडे घेऊन जावे. नवख्याने एकट्याने जाण्यातही दोष होताच. नेम चुकून जखमी वाघ झुडपात शिरला, तर त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्या दिवशी सरपण गोळा करणाऱ्या बाईला मिळे. तेव्हा वाटाड्या हवा, हे खरे. पण मागाच्या शिकारीत शिकाऱ्याचे अज्ञान हेच वाघाचे संरक्षण असते. ज्याला रान कळत नाही तो रिकाम्या हाताने परततो. हाक्याने आणि कंपनीने हे संरक्षण काढून घेतले. जंगलतोड, विषप्रयोग, कातड्यांचा व्यापार ही कारणे होतीच. त्यांत ही सोय मिळाली.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशभरात १८२७ वाघ भरले. शिवपुरीच्या ज्या रानात महाराजांचे पाहुणे शिकारीस येत, तेथले वाघ पुढे संपले. मार्च २०२३ मध्ये तेथे वाघ बाहेरून आणून सोडावे लागले, आणि मार्च २०२५ मध्ये ते रान व्याघ्रप्रकल्प झाले.

ज्या देशांत शिकारीला परवानगी आहे तेथे हा प्रश्न अजून जिवंत आहे. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वल किंवा डोंगरी बकरा यांच्या शिकारीस परवानाधारक वाटाड्या किंवा तेथे राहणारा जवळचा नातलग बरोबर घ्यावाच लागतो. मूस नावाच्या थोरल्या हरणासाठी अमेरिकन नागरिकावर तशी सक्ती नाही. आपल्याकडे बंदूक गेली, तरी अभयारण्यात फिरताना वाटाड्या असतोच. जीपमध्ये बसल्याबरोबर ‘‘वाघ दाखवा’’ असा तगादा लावणारे पाहुणे मी पाहिले आहेत. वाघ दिसला नाही की त्यांचे पैसे वाया जातात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, शिवपुरीस गेलात तर वाटाड्याला त्याचे नाव विचारा, गाडी थांबवून ठसा दाखवावयास सांगा, आणि सांबर ओरडले तर घटकाभर गप्प बसून ऐका.